ऊर्जा मेळाव्यातून घरी आणलेलं काय काय अजून चालू आहे?

चाफेकळी
काल नाशकात सोलर, बायोगॅस, सेंद्रिय, मातीची घरं असं सगळं एकत्र मांडलेल्या एका मेळाव्याला जाऊन आले. बरोबर नवरा आणि सासूबाई. साडेदहाला आत शिरलो, तीनला बाहेर पडलो. निघताना हातात होतं ते असं: माहितीपत्रकांचा गठ्ठा (दीड किलो तरी भरेल, आणि तोही प्लास्टिकच्या पिशवीत), बांबूचे चार टूथब्रश, नाचणीच्या लाडवांचं पाकीट. शिवाय एक पावती. सासूबाईंनी पेटीच्या सौरचुलीसाठी पाचशे रुपये आगाऊ देऊन ठेवलेत. मेळावा अजून दोन दिवस आहे, तोवर उरलेले भरले तर सूट.

बघायला मजा आली हे खरं. सायकलचे पायडल मारून मिक्सर फिरवायचा आणि आपलं कोकम सरबत आपणच घुसळायचं, अशा स्टॉलवर मुलांची रांग होती. नवऱ्याने चार मिनिटं पायडल मारलं आणि नंतर उरलेला वेळ बाकड्यावर बसून काढला. सगळ्यात शेवटच्या तंबूमागे मात्र एक डिझेल जनरेटर धडधडत होता. त्याच्या अंगावरच "सूर्य आपल्या दारी" असा फलक टेकवून ठेवलेला.

आता मुद्दा. मी लहान असताना बाबांनी अशाच एका प्रदर्शनातून सौरचूल आणली होती. दोन उन्हाळे तिच्यात शेंगदाणे भाजले. मग ती माळ्यावर गेली, आणि तिचा आरसा दादाने दाढीसाठी काढून घेतला. तेव्हा अनुभवी मंडळींना विचारते: अशा ठिकाणाहून आणलेली, दोन वर्षं उलटल्यावरही घरात नियमित वापरात असलेली वस्तू कोणती? "फार उपयोगी असते हो" असलं नको. "आमच्याकडे आहे आणि चालू आहे" असं हवं. बंद पडलेल्याही सांगा, लाजू नका.

खोडसाळपंत
बांबूचा टूथब्रश. तीन वर्षं झाली, रोज वापरात. कुंडीतल्या मिरचीला आधार म्हणून.

मीटरवाचक
चांगला धागा. मी वीज क्षेत्रात आहे (विक्रीत नाही, आधीच सांगतो), त्यामुळे जरा लांबण लागेल.

आमच्याकडे टिकलेली पहिली गोष्ट म्हणजे बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे. मेळाव्यात त्यांच्या स्टॉलवर कुत्रं फिरकत नाही, कारण पंखा तो पंखा, त्यात बघायचं काय? पण जुना पंखा ७५ वॅट खातो, हा पूर्ण वेगात ३० च्या आसपास. पाच पंखे रोज सरासरी दहा तास धरा. दिवसाला सव्वादोन युनिट वाचतात, महिन्याला ६५ च्या वर. आमचं उन्हाळ्यातलं बिल ३०० युनिटांच्या वर जायचं ते खाली आलं. वरच्या टप्प्याचा दर बराच चढा असतो, त्यामुळे वाचलेलं युनिट हे नेहमी सगळ्यात महागडं युनिट असतं.

दुसरी गोष्ट छतावरचं सोलर, ३ किलोवॅट. आपल्याकडे एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरायची, म्हणजे आमची १२. जुलै-ऑगस्टात निम्मी समजा. सावली नसलेली जागा किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तिच्यात २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि ३ किंवा त्याच्या वर कितीही बसवा, जास्तीत जास्त ७८,००० अनुदान. त्यासाठी पॅनेल देशी बनावटीचे लागतात. स्टॉलवर स्वस्त भाव सांगितला की आधी हे विचारा.

आणि कोणताही विक्रेता आपण होऊन सांगत नाही ती गोष्ट: लाईट गेली की हे सोलरही बंद. भर दुपारी, डोक्यावर रणरणतं ऊन, छतावर दीड-दोन लाखांचे पॅनेल आणि घरात पंखा बंद. बॅटरी नसलेला, ग्रिडला (वीजकंपनीच्या तारांच्या जाळ्याला) जोडलेला इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, ग्रिड गेल्यावर मुद्दामच थांबतो. नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छताचा झटका बसेल. हे बरोबरच आहे, पण आमच्या वडिलांना अजून पटलेलं नाही. "सूर्य काय त्यांच्या बापाचा आहे का" हे त्यांचं वाक्य आमच्या सोसायटीत प्रसिद्ध आहे.

अवखळ_वारा
वडिलांना +१००. हसून हसून पुरेवाट.

तांब्याचा_बंब
मीटरवाचक, ३०० ओलांडले की सगळंच बिल वरच्या दराने लागतं ना?

मीटरवाचक
नाही, फक्त ३०० च्या पुढच्या युनिटांना. हा गैरसमज इतका पसरलाय की लोक २९९ वर फ्रिज बंद करतात.

तांब्याचा_बंब
आम्ही करतो. 🙈

गवती_चहा
सोलर घेतलेल्यांसाठी आमच्या घरचा किस्सा. पॅनेल बसून दोन महिने झाले होते. मी ऑफिसातून मोबाइलच्या ॲपवर आकडे बघत बसायचे, नवीन खेळणं. एक दिवस अकरा वाजता आलेख छान चढला आणि धप्पकन खाली. आकाश निरभ्र. एजन्सीला फोन केला, त्यांनी इन्व्हर्टर बंद-चालू करायला सांगितला, काही फरक नाही. संध्याकाळी घरी येऊन गच्चीवर गेले तर आईने पॅनेलवर जुनी धोतरं अंथरून उडदाचे पापड वाळत घातलेले. तिचं म्हणणं, "एवढा स्वच्छ, उतरता, उन्हाकडे तोंड केलेला कट्टा तुम्ही कशासाठी बांधलात मग?"

मला उत्तर सुचलं नाही. पापड मात्र एका दिवसात खडखडीत.

मीटरवाचक
@गवती_चहा, हे मी प्रशिक्षणात उदाहरण म्हणून वापरणार. पॅनेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. माळेतल्या थोड्यावर सावली पडली तरी घट दिसते ती तेवढ्यापुरती राहीलच असं नाही. म्हणूनच पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात कुठवर येते ते बघून पॅनेल बसवावेत. लोक मे महिन्यात गच्चीवर उभे राहून "सावली नाही" म्हणतात. मे महिन्यात पुण्या-नाशकात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, कुणाचीच सावली पडत नाही.

खोडसाळपंत
पापडांना अनुदान आहे का?

मुगाची_खिचडी
सौरचुलीची बदनामी चाललेली दिसतेय म्हणून मुद्दाम लॉगिन केलं.

आमच्याकडे पेटीची सौरचूल अकरा वर्षं आहे आणि वर्षातले सात-आठ महिने, आठवड्याला चार दिवस तरी चालते. पुणे, गॅलरी दक्षिणेला. सकाळी नऊला डाळ, तांदूळ, एका डब्यात बटाटे किंवा रताळी ठेवते आणि कामाला जाते. साडेबाराला सासरे काढून घेतात. करपत नाही, ऊतू जात नाही, शिट्टी मोजावी लागत नाही. शेंगदाणे आणि रवा भाजायला तर तिच्यासारखं काही नाही. ढोकळा होतो, केक होतो. पोळी, भाकरी, फोडणी होत नाही. ज्या दिवशी मी "हिच्यावर सगळा स्वयंपाक होईल" ही अपेक्षा सोडली त्या दिवसापासून ती वापरात आली.

ज्यांची माळ्यावर गेली त्यांची गेली का ते सांगते. एक, डबे आतून-बाहेरून चकचकीत स्टीलचे ठेवतात, काळे हवेत. दोन, मध्येच झाकण उघडून "झालं का" बघतात, दर वेळी सगळी ऊब बाहेर. तीन, आणि हेच खरं कारण, चूल गच्चीवर असते आणि घर दुसऱ्या मजल्यावर. दोन जिने डाळ घेऊन चढा आणि उतरा, कोण करेल? चाफेकळी, तुमच्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत आणि ऊन घरात कुठे येतं, एवढंच मला सांगा. मग ठरवू.

चाफेकळी
गुडघे बरे नाहीत. ऊन गच्चीवर. आम्ही तळमजल्यावर.

मुगाची_खिचडी
पाचशे रुपये विसरा.

रोखठोक
कुणीतरी बोलायलाच हवं म्हणून बोलतो. जनरेटरवर चालणारा सौरमेळावा, प्लास्टिकच्या पिशवीत पर्यावरणाची पत्रकं, आणि अडीच हजारांचा "शाश्वत" कुर्ता. हे सगळं खात्यापित्या लोकांचं पापक्षालन आहे. माझी आजी अख्ख्या आयुष्यात एवढा कचरा करू शकली नाही जेवढा या मेळाव्यात एका दुपारी होतो. तिला कुणी शाश्वत वगैरे म्हटलं नाही, गरीब म्हटलं.

सुईदोरा
आजीबद्दलचं वाक्य लागलं. पण तिला चुलीच्या धुराने जो खोकला होता तोही मोजायला हवा. माझ्या आजीचे डोळे कायम लाल असायचे, आम्हाला वाटायचं ती रागीट आहे.

मीटरवाचक
जनरेटरबद्दल: तीन दिवसांच्या तंबूला तात्पुरती वीजजोडणी घ्यायची, तिच्यासाठी अर्ज, अनामत... आयोजकांनी सोपा मार्ग धरला. चुकलंच, पण ढोंग म्हणणार नाही.

रोखठोक
ज्यांना तीन दिवस पाच दिवे आणि एक माईक स्वतःच्या पॅनेलवर चालवता येत नाही, त्यांनी माझ्या घराला पॅनेल विकू नये. साधी गोष्ट आहे.

विस्कॉन्सिनकर
@रोखठोक, तुमच्या या वाक्यावरून आमच्याकडच्या मेळाव्याबद्दल लिहायला बसलो. मी मिलवॉकीत असतो. इथून अडीच तासांवर, स्टीव्हन्स पॉइंट गावाजवळ, कस्टर नावाची एक वस्ती आहे. आजूबाजूला बटाट्याची शेतं. तिथे मिडवेस्ट रिन्यूएबल एनर्जी असोसिएशन दरवर्षी जूनमध्ये "एनर्जी फेअर" भरवत आली. पहिली १९९० साली शेजारच्या ॲम्हर्स्ट गावात झाली. मी चार वेळा गेलोय, दोनदा शिकागोच्या मराठी मित्रांना घेऊन.

फरक असा की तिथे संस्थेची स्वतःची जागा आहे आणि स्वतःचे पॅनेल. तंबूंमध्ये दुकानांपेक्षा वर्ग जास्त. मी पहिल्या वर्षी "विटांची शेगडी" या वर्गात बसलो. धुराला भल्यामोठ्या विटकामातून वळसे घालत बाहेर सोडायचं, म्हणजे सकाळी तासभर पेटवलेला जाळ रात्रीपर्यंत भिंतीतून ऊब देतो. शिकवणारे पांढऱ्या दाढीचे आजोबा, हाताला चिखल. त्यांनी काहीही विकलं नाही. शेवटी कुणीतरी विचारलं की तुमची कंपनी कोणती, तर म्हणाले मी निवृत्त शाळामास्तर आहे.

मला तिथून मिळालेली आणि टिकलेली गोष्ट म्हणजे खिडक्यांचं गणित. आमच्या इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम साडेतेवीस अंश वर येतो (पुण्यात ४८). म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट घराच्या पोटात शिरतं. जूनमध्ये तो इतका वर असतो की छपराची पुढे आलेली कड त्याला आत येऊ देत नाही. विकत काहीच घ्यावं लागलं नाही. दक्षिणेचे जाड पडदे काढले आणि उत्तरेच्या खिडक्यांच्या फटी बुजवल्या. हिवाळ्याचं गॅसबिल पहिल्याच वर्षी खाली आलं.

बायकोने तिथून एक मधमाश्यांची पेटी मात्र आणली. तिच्याबद्दल पोलीस तक्रार झाल्यामुळे अधिक लिहीत नाही.

अवखळ_वारा
असं कसं, आता लिहाच!

विस्कॉन्सिनकर
शेजाऱ्याच्या लेकीचं लग्न, मागच्या अंगणात. पुढचं तुम्ही समजा.

पडवी
कोकणातून (कुडाळ तालुका) हजेरी. आमच्याकडे टिकलेली वस्तू म्हणजे गोबरगॅस, आणि ती प्रदर्शनात मिळत नाही, खड्डा खणावा लागतो. २ घनमीटरचा घुमटाचा. रोज पन्नासेक किलो शेण, म्हणजे चार-पाच गुरं हवीत. पाच माणसांचा स्वयंपाक होतो. सिलिंडर वर्षातून दोन लागतात, तेही गणपतीत पाहुणे येतात म्हणून.

खरा फायदा गॅसचा नाहीच, स्लरीचा (गॅस निघून गेल्यावर उरणारा शेणाचा काला). सुपारीला आणि भाजीला ती दिली की... असो, त्यावर वेगळा धागा काढेन. तोटाही सांगतो. दोन गुरं विकली की गॅस लगेच रोडावतो. गावात निम्मे खड्डे याच कारणाने कोरडे पडलेत. लोक म्हणतात तंत्र फसलं. तंत्र नाही, गोठा रिकामा झाला.

शहरी_शेणी
फ्लॅटवाल्यांसाठी: पुण्याच्या आरती या संस्थेने (डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली सुरू केलेली) शेणाऐवजी खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस काढला. त्याला २००६ साली ॲश्डेन हा शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला पुरस्कार मिळाला. कर्व्यांचं म्हणणं मला फार आवडतं: शेण म्हणजे गायीने आधीच पचवून उरलेला चोथा. जंतूंना त्यातून गॅस काढायला चाळीसेक दिवस लागतात. शिळा भात, पीठ, खराब धान्य दिलं तर दिवसाभरात गॅस.

आमच्याकडे बंगल्याच्या मागे दोन टाक्यांचा होता. सहा वर्षं चालला. रोज चहा आणि एक भाजी एवढा गॅस. बंद का पडला? मुलं शिकायला बाहेर गेली, खरकटंच निघेना. म्हणजे पडवी म्हणतात तेच.

रोखठोक
खरकटं निघत नाही म्हणून बायोगॅस बंद पडणं, हे या धाग्यातलं पहिलं चांगलं कारण.

देहूकर_
गोबरगॅसचा विषय निघालाच आहे तर देहूचे डॉ. मापुसकर आठवतात. अप्पासाहेब पटवर्धनांच्या आराखड्यावरून त्यांनी संडासाला जोडलेला बायोगॅस गावात रुजवला. अप्पा म्हणजे कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे. मापुसकरांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आमच्या नात्यातल्या एका घरी तो गॅस होता. लहानपणी तिथे गेलो की आई बजावायची, "चहा दिला की मुकाट्याने प्यायचा, काही विचारायचं नाही." चहाला चहाचीच चव होती. मी दोन कप प्यायलो आणि तिसऱ्याला विचारलंच.

खोडसाळपंत
या प्रतिसादाच्या वेळी मी चहा पीत होतो. धन्यवाद.

पडवी
@देहूकर_, मनातली अढी हाच सगळ्यात जाड थर असतो, सिमेंटपेक्षा. आमच्या वाडीत गोबरगॅसवर देवाचा नैवेद्य करायचा की नाही यावर दोन बैठका झाल्या होत्या. शेवटी गुरवकाका म्हणाले, गायीचं शेण अंगणात चालतं, तर चुलीत का नको? विषय संपला.

पठारावरून
सातारकर इथे. सोलर, गॅस झालं, वाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, त्यानंतरच्या दुष्काळात आमच्याकडे लोक शपथेवर सांगायचे की ही पाती ढग पळवून लावतात. माझे सख्खे काका म्हणायचे. गंमत अशी की पावसाळ्यात चाळकेवाडीला जा, तुम्हाला पवनचक्की दिसतच नाही, कारण ढग तिच्या पायाशी आलेला असतो. धुक्यात नुसता घूंऽऽ घूंऽऽ आवाज. काकांना घेऊन गेलो तर म्हणाले, "बघ, इथे अडवून ठेवलाय."

अवखळ_वारा
काका अजिंक्य आहेत.

पठारावरून
जाता जाता: आमच्याच पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. छोटं गाव आहे. प्रदर्शनापेक्षा तिथे जाऊन लोकांशी बोला, विकायला कुणी बसलेलं नाही.

जुनी_पानं
थोडं अवांतर, पण राहवत नाही. सौरऊर्जेचं प्रदर्शन ही नवी टूम नाही. विल्यम ॲडम्स नावाच्या मुंबईतल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने कुलाब्यात आपल्या बंगल्याच्या आवारात आरशांची रांग लावून बाष्पक तापवला आणि अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन चालवून लोकांना दाखवलं. १८७८ साली त्यावर पुस्तकही काढलं. त्याने सौरचूलही केली होती, अष्टकोनी आरशांची. म्हणजे मुंबईत विजेचे दिवे लागायच्याही आधी इथे उन्हावर जेवण शिजलं होतं. कोळसा स्वस्त होता म्हणून पुढे काही झालं नाही.

आणि ज्यांना वाटतं की सौरचूल हा खेळ आहे त्यांनी शिर्डीच्या प्रसादालयाची गच्ची बघावी. २००९ पासून तिथे ७३ मोठ्या तबकड्या वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारोंचं जेवण. शिजवणाऱ्याला उन्हात उभं राहावं लागत नाही, वाफ नळीने स्वयंपाकघरात येते. मुगाची_खिचडी म्हणतात ती जिन्याची अडचण तिथे अशी सोडवलीय.

मुगाची_खिचडी
वा! म्हणजे चाफेकळींनी ७३ तबकड्या घ्याव्यात.

चाफेकळी
सासूबाईंना सांगू नका, त्या आगाऊ पैसे देऊन येतील.

तांब्याचा_बंब
मी नावाला जागून लिहितो. सोलर वॉटर हीटर, १०० लिटर, नऊ वर्षं. घरातली एकमेव गोष्ट जिच्याबद्दल मी, बायको आणि आई यांचं एकमत आहे. एकच सल्ला: बोअरचं जड पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांच्या सपाट पेटीत क्षार बसतात, काचेच्या नळ्यांचा घ्या. आणि काचेच्या नळ्या रिकाम्या तापल्या असतील तर दुपारी टाकी भरू नका, तडकतात. आमच्या दोन गेल्या तेव्हा कळलं. पुण्यात महापालिका असल्या गोष्टींना मालमत्ता करात सवलतही देते.

पण बंबाची मजा नाही. सोडणं आणि काटक्या घालून पेटवलेला बंब, त्यापाशी उकिडवं बसून शेकायचं आणि आई ओरडेपर्यंत उठायचं नाही. हीटरपाशी कोण बसतं?

सुईदोरा
सोसायटीत राहणाऱ्यांचं काय? आमची गच्ची सामाईक आहे. तीन वर्षं सर्वसाधारण सभेत हा विषय येतो आणि चहा-वड्यांबरोबर संपतो.

मीटरवाचक
सामाईक वापरासाठी (लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे) सोसायटीलाही किलोवॅटला १८,००० अनुदान आहे. सभेत "पर्यावरण" हा शब्द काढू नका. पंप आणि लिफ्टचं बारा महिन्यांचं बिल छापून प्रत्येकाच्या हातात द्या. वडे येण्याआधी.

सुईदोरा
हे लिहून ठेवलं. वड्यांआधी.

हिरवी_वेलची
धागा वाचून गंमत वाटली. चाफेकळी यांनी विचारलं होतं काय आणतात नि काय टिकतं. आतापर्यंत टिकलेल्यांत पंखे, हीटर, खड्डा, पडदे काढणं. यातलं एकही मेळाव्यात गर्दी खेचत नाही.

माझी भर: गोधडी. हसू नका. भाताला उकळी आली, पाणी तांदळाच्या पातळीला आलं की घट्ट झाकण, पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि जाड गोधडीत किंवा उशा भरलेल्या खोक्यात दाबून ठेवायचं. पाऊण तासाने मोकळा भात. भिजवलेला राजमा, हरभरा आधी दहा मिनिटं सणसणीत उकळून मग रात्रभर. आजी लग्नघरात मोठी पातेली अशी पोत्यांत ठेवायची. परवा एका प्रदर्शनात हेच "उष्णतारोधक पाकसंच" म्हणून अठराशे रुपयांना बघितलं. आत कापूसच होता, मी बोट घालून पाहिलं.

रोखठोक
शेवटी आजीच जिंकली. माझं काम झालं, निघतो.

सुईदोरा
थांबा, आजीकडे राजमा होता का?

रोखठोक
कुळीथ होते. निघतो.

चाफेकळी
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आज पुन्हा मेळाव्यात गेलो. सौरचुलीवाल्याने पाचशे परत दिले नाहीत, पण त्या पैशांत शेजारच्या स्टॉलवरून (दोघे भाऊ निघाले) दोन एलईडी ट्यूब दिल्या. नवऱ्याने पंख्यांच्या स्टॉलवर जाऊन चौकशी केली. मीटरवाचक म्हणाले तसंच, तिथला मुलगा एकटाच बसून डबा खात होता. दोन सांगितले, बाकीचे दिवाळीला. जनरेटर तिथेच होता, सूर्याचा फलक आज पडलेला.

सासूबाई चुलीवरून रुसल्या होत्या. त्यांना गोधडीचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर म्हणाल्या, "हे मला ठाऊक होतं, कुणी विचारलं नाही." आत्ता बारा वाजता त्यांनी स्वतः इंद्रायणी तांदळाचं पातेलं गोधडीत गुंडाळून दिवाणावर ठेवलंय.

हिरवी_वेलची
इंद्रायणी जरा चिकट होईल. पाणी किती घातलं?

चाफेकळी
विचारलं. "अंदाजाने."

मुगाची_खिचडी
झाला का भात?

चाफेकळी
झालाय बहुतेक, वास येतोय. पण दिवाणावरची ऊब बघून आमचा बोका गोधडीवर येऊन झोपलाय आणि सासूबाई त्याला उठवू देत नाहीत. आम्ही पोळ्या खातोय.